भरलेल्या हातगाडीतला गतीचा नियम

"बल बरोबर वस्तुमान गुणिले त्वरण."

नववीत शिकणाऱ्या एका मुलीने हे वाक्य आम्हाला कुठेही न अडखळता म्हणून दाखवले. वस्तीतल्या अभ्यासिकेत आठवड्यातून दोन संध्याकाळी आम्ही मुलांबरोबर बसतो, तिथली ही गोष्ट. आम्ही तिला विचारले, "छान. आता याचा अर्थ सांग." मुलगी गप्प झाली. वही पुढे केली. वहीत तेच वाक्य सुवाच्य अक्षरात दहा वेळा लिहिलेले होते. घटक चाचणीत तिला वीसपैकी पाच गुण मिळाले होते.

थोड्या वेळाने तिचे वडील तिला न्यायला आले. कामावरून थेट आले होते, अंगावर धुळीने माखलेला सदरा होता. जयभीम केला आणि दारातच उभे राहून म्हणाले, "सर, हे विज्ञान काय आपल्याला झेपणारं दिसत नाही. दहावी होऊ दे कशीबशी. पुढं सायन्सचं नाव नको."

मुलगी खाली मान घालून दप्तर भरत होती. आम्ही त्यांना बसवून घेतले आणि विचारले, "तुमचं काम काय?"

"मशीद बंदरला हातगाडी ओढतो. बावीस वर्षं झाली."

"मग एक सांगा. रिकामी गाडी आणि भरलेली गाडी यात फरक काय?"

गृहस्थ हसले. एवढे साधे विचारतात म्हणून त्यांना नवल वाटले असावे. म्हणाले, "रिकामी गाडी ही पोरगी पण पळवील. भरलेली गाडी जागची हलवायची म्हणजे दोघं तिघं लागतात. जोर लावला तरी वेग हळूहळू धरते. आणि एकदा का वेग धरला, की मग थांबवताना खरी परीक्षा."

आम्ही मुलीकडे वळलो. "बाळ, तू दहा वेळा लिहिलेलं वाक्य पप्पांनी आत्ता बोलीभाषेत सांगितलं."

त्या संध्याकाळी पाटीवर जे लिहिले, बोलले गेले, ते आज आम्ही सर्व कुटुंबांपुढे ठेवत आहोत. कारण हा प्रश्न एका घरचा नाही. आपली मुले पुस्तकातले शब्द पाठ करतात आणि आपण आयुष्यभर तीच गोष्ट हाताखांद्यांनी करत असतो. या दोघांची भेट मात्र होत नाही.

तीन शब्दांची ओळख

बल म्हणजे ढकलणे किंवा ओढणे. आपण जोर, रेटा, ताकद म्हणतो ते.

वस्तुमान म्हणजे वस्तूत असलेले द्रव्य. ते किलोग्रॅममध्ये मोजतात. वस्तुमान जितके जास्त, तितकी ती वस्तू हट्टी. उभी असेल तर हलायला तयार नाही आणि चालत असेल तर थांबायला तयार नाही. या हट्टाला पुस्तकात जडत्व म्हणतात.

तिसरा शब्द त्वरण. मुले इथेच गोंधळतात, कारण त्यांना वेग आणि त्वरण एकच वाटतात. वेग म्हणजे गाडी आत्ता किती भरभर चालली आहे ते. त्वरण म्हणजे तो वेग किती झपाट्याने बदलतो आहे ते. रिक्षावाले भाऊ ज्याला अ‍ॅक्सिलेटर म्हणतात, त्या शब्दाचा अर्थच मुळी त्वरण देणारा. सिग्नल सुटला, मूठ पिळली आणि रिक्षा दर सेकंदाला आधीपेक्षा जास्त वेगाने जाऊ लागली, हे त्वरण. पुढे मोकळ्या रस्त्यावर ती एकाच वेगाने चालत राहिली, तर वेग भरपूर असूनही त्वरण शून्य.

नियम सांगतो तो इतकाच. जोर वाढवला तर त्वरण त्याच प्रमाणात वाढते. वस्तुमान वाढवले तर त्वरण त्याच प्रमाणात घटते. जोर दुप्पट, त्वरण दुप्पट. माल दुप्पट झाला आणि जोर तोच ठेवला, तर त्वरण निम्मे.

पाटीवरचा हिशेब

नुसत्या शब्दांवर न राहता आपण आकडे मांडून पाहू. बल मोजण्याचे एकक आहे न्यूटन. एक किलोग्रॅम वस्तुमानाचा वेग दर सेकंदाला एक मीटर प्रतिसेकंद इतका वाढवायला जे बल लागते, ते एक न्यूटन. तळहातावर साधारण शंभर ग्रॅमचे वजनमाप ठेवले की हाताला जो भार जाणवतो, तो जवळजवळ एक न्यूटनचा असतो. एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

समजा, रिकाम्या हातगाडीचे वस्तुमान 100 किलो आहे. घर्षण वजा जाता तिच्यावर 60 न्यूटन इतका निव्वळ जोर लागला. मग त्वरण 60 भागिले 100, म्हणजे 0.6. दर सेकंदाला वेग 0.6 मीटर प्रतिसेकंदाने वाढेल. पाच सेकंदांनी गाडीचा वेग होईल 3 मीटर प्रतिसेकंद. म्हणजे गाडीबरोबर आपल्याला पळावे लागेल.

आता तिच्यावर 50 किलोच्या चार गोण्या ठेवा. एकूण झाले 300 किलो. निव्वळ जोर तोच 60 न्यूटन. त्वरण 60 भागिले 300, म्हणजे 0.2. पाच सेकंदांनी वेग फक्त 1 मीटर प्रतिसेकंद. सावकाश चालणाऱ्या माणसाइतका.

भरलेल्या गाडीला रिकाम्या गाडीचेच त्वरण द्यायचे असेल तर? वस्तुमान तिप्पट झाले, म्हणून जोरही तिप्पट, 180 न्यूटन हवा. "म्हणूनच सांगतो ना, तिघं लागतात," वडील म्हणाले. मुलीने वहीत गाडी काढली, दांडीला एक माणूस काढला आणि मागे दोघे काढले. तिच्या वहीतली ही पहिली आकृती अशी होती, जी तिने फळ्यावरून उतरवली नव्हती.

मग घाम कशाला निघतो?

एवढ्यात मुलीने प्रश्न विचारला आणि आम्हाला मनापासून आनंद झाला. "काका, सूत्र म्हणतं जोर लावला की त्वरण मिळतं. पण पप्पा तर दिवसभर गाडी एकाच वेगाने ओढतात. त्वरण शून्य. मग सूत्राप्रमाणे बल पण शून्य पाहिजे. पप्पांना घाम कशाला येतो?"

वाचकहो, हा प्रश्न लहान नाही. गती टिकवायची तर सतत जोर लावलाच पाहिजे, असे जगातले थोर विद्वान शेकडो वर्षे मानत होते. इटलीत गॅलिलिओने उतरत्या फळीवरून गोळे सोडून मोजमाप केले आणि 1638 साली छापलेल्या ग्रंथात गतीचा विचार नव्याने मांडला. तेव्हा या समजुतीला मोठा धक्का बसला.

उत्तर असे. गाडीवर एकटे पप्पा जोर लावत नाहीत. रस्ता आणि चाके, चाके आणि आस यांच्यातले घर्षण गाडीला मागे ओढत असते. पप्पा जेवढा जोर पुढे लावतात तेवढाच जोर घर्षण मागे लावते, तेव्हा दोन्ही मिळून निव्वळ बल शून्य होते. गाडी आहे त्या वेगाने चालत राहते. म्हणजे सपाट रस्त्यावर हमालाचा घाम निघतो तो बहुतांशी घर्षणाशी झुंजण्यात. म्हणून तर आसाला वंगण देतात. म्हणून चांगल्या बेअरिंगचे चाक हलके चालते. म्हणून खड्ड्यांत किंवा रेतीत तीच गाडी जीव काढते. सूत्रातले बल हे नेहमी निव्वळ बल असते. पुढचे वजा मागचे. परीक्षेत मुलांचे गुण जातात ते पुष्कळदा इथेच.

थांबवताना खरी परीक्षा

वडिलांनी सांगितलेले तिसरे वाक्य सर्वांत महत्त्वाचे होते. गाडी थांबवणे. वेग कमी होणे हेही त्वरणच, फक्त उलट्या दिशेचे. नियम तोच. भरलेली गाडी वेग धरायला जितकी हट्टी, तितकीच वेग सोडायला.

तीच 300 किलोची गाडी भरभर चालणाऱ्या माणसाच्या वेगाने, 2 मीटर प्रतिसेकंदाने, चालली आहे. ती चार सेकंदांत थांबवायची तर 150 न्यूटन बल पुरते. एका सेकंदात थांबवायची तर 600 न्यूटन. आणि समोर अचानक मूल आले, अर्ध्या सेकंदात थांबवायची, तर 1200 न्यूटन. म्हणजे जवळजवळ 120 किलोचा भार अंगावर घेण्यासारखे. पुलाच्या उतारावर तर गुरुत्वाकर्षण गाडीला आणखी पुढे रेटत असते. "म्हणून उताराला आम्ही गाडी वेग धरूच देत नाही," वडील म्हणाले. "एकदा सुटली की माणसाचं चालत नाही." हे शहाणपण त्यांनी पुस्तकातून घेतलेले नाही, पण पुस्तकातला नियम ते अगदी बरोबर पाळतात.

आता लोकल गाडीकडे या. समजा, लोकल ताशी 72 किलोमीटर वेगाने येत आहे. म्हणजे सेकंदाला 20 मीटर. ब्रेक लावल्यावर तिचा वेग दर सेकंदाला 0.8 मीटर प्रतिसेकंदाने कमी होतो असे धरू. थांबायला लागतील 25 सेकंद आणि तेवढ्यात ती 250 मीटर पुढे गेलेली असेल. साधारण बारा डब्यांच्या गाडीच्या लांबीइतके हे अंतर. मोटरमनला माणूस दिसून हात ब्रेककडे जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर आणखी 20 मीटर.

जास्त जोरात ब्रेक का लावत नाहीत? कारण एवढ्या प्रचंड वस्तुमानाला रोखणारे बल शेवटी चाक आणि रूळ यांच्या पकडीतूनच यायचे. पोलादी चाक पोलादी रुळावर चालते, ते घसरण्याला मर्यादा आहे. शिवाय डब्यात उभी असलेली माणसे एकमेकांवर कोसळतील. म्हणजे मोटरमनला माणूस दिसला, त्याने मनापासून ब्रेक लावला, तरी गाडी थांबत नाही. त्यात त्याचा दोष नसतो. आपल्या वस्त्या रुळांच्या कडेला आहेत. "येते अजून लांब" म्हणून रूळ ओलांडणारे आपल्याच घरातले असतात. पुलाच्या पायऱ्या चढायला चार मिनिटे लागतात म्हणून आपण त्या नियमाशी पैज लावतो. नियम हरत नाही.

हीच गोष्ट टेंपोची. टेंपोचे ब्रेक ठराविक भार धरून बनवलेले असतात. लग्नाचे वऱ्हाड कोंबून भरले आणि वस्तुमान दुप्पट झाले, पण ब्रेकचा जोर तोच राहिला, तर वेग कमी होण्याचा झपाटा निम्मा होतो आणि थांबायला लागणारे अंतर दुप्पट. ड्रायव्हर रोजच्या अंदाजाने ब्रेक लावतो आणि गाडी रोजच्या जागी थांबत नाही.

गुडघे वाकवा

नियमाची दुसरी बाजू दिलासा देणारी आहे. थांबण्याचा वेळ वाढवला की लागणारे बल कमी होते. वेळ दुप्पट, तर बल निम्मे.

हमाल पाठीवर गोणी घेतो तेव्हा ताठ उभा राहत नाही. गोणी टेकताच गुडघ्यात किंचित खाली जातो. तेवढ्याने गोणी थांबायला थोडा जास्त वेळ मिळतो आणि पाठीला हिसका कमी बसतो. क्रिकेटमध्ये झेल घेणारा चेंडूबरोबर हात मागे नेतो. ओट्यावरून उडी मारणारे मूल गुडघे वाकवते. कोणी शिकवलेले नसते.

मोटरसायकलच्या हेल्मेटमध्ये हेच काम आतला थर्माकोलसारखा थर करतो. डोके आपटले की तो थर चेपतो. डोके एकदम न थांबता क्षणभर सावकाश थांबते. तो क्षण सेकंदाचा फार छोटा भाग असतो, पण तेवढ्यानेच कवटीवर आणि मेंदूवर येणारे बल कितीतरी कमी होते. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट पुन्हा वापरू नये म्हणतात ते याच कारणाने. आतला थर एकदा चेपला की त्याचे काम संपले.

जड वस्तू आधी पडते का?

घरात मुलांना बोलावून हा प्रयोग करा. एका हातात वही, दुसऱ्या हातात कागद घ्या आणि दोन्ही एकाच उंचीवरून सोडा. वही आधी पडेल, कागद तरंगत येईल. मुले म्हणतील, जड वस्तू आधी पडते. आता वहीपेक्षा लहान कागदाचा तुकडा वहीवर सपाट ठेवा आणि वही आडवी धरून सोडा. दोन्ही बरोबरच खाली येतील. कागद हलका म्हणून मागे राहत नव्हता. हवा त्याला अडवत होती.

पण जड वस्तूला पृथ्वी जास्त जोराने ओढते, मग ती आधी का पडू नये? उत्तर आपल्या सूत्रातच आहे. दहापट वस्तुमानाच्या गोणीवर ओढ दहापट, हे खरे. पण ती गोणी हट्टीही दहापट. दहा भागिले दहा, उरले एक. हवेचा अडथळा नसेल तर दोघींचे त्वरण सारखे.

चंद्रावर हवा नाही. 1971 साली अपोलो 15 मोहिमेतले अंतराळवीर डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर उभे राहून एका हातातून हातोडा आणि दुसऱ्या हातातून ससाण्याचे पीस एकदम सोडले. दोन्ही एकाच वेळी जमिनीला टेकले.

याच चंद्रावर आपली 300 किलोची गाडी नेली तर? वजन एक षष्ठांश होईल, उचलायला सोपी जाईल. पण ढकलून वेगात आणायला, घर्षणाचा भाग सोडला, तर इथल्याइतकेच बल लागेल. कारण वजन बदलले, वस्तुमान बदलले नाही. वजन म्हणजे पृथ्वीची किंवा चंद्राची ओढ. वस्तुमान कुठेही नेले तरी तेच. अमेरिकेच्या स्कायलॅब या अंतराळस्थानकात 1973 साली माणसाचे वस्तुमान मोजायचे होते. तिथे वजनकाटा निरुपयोगी, कारण तिथे माणसे तरंगतात. म्हणून स्प्रिंगवर बसवलेली खुर्ची वापरली. माणूस त्यात बसला की खुर्ची मागेपुढे डोलते. वस्तुमान जास्त असेल तर डोलणे सावकाश. त्या वेळेवरून वस्तुमान काढता येते.

नियम मांडणारा मुलगा

हा नियम मांडणारे आयझॅक न्यूटन शेतकऱ्याच्या घरचे. मुलगा जन्मण्याआधीच वडील वारले होते, आणि त्या वडिलांना स्वतःची सहीही करता येत नव्हती. आईने पुढे मुलाला शाळेतून काढून शेतीच्या कामाला लावले. मुलाचे मन शेतीत लागेना. मामा आणि शाळेचे मुख्याध्यापक यांनी आईची समजूत घातली आणि तो पुन्हा शाळेत गेला. 1661 मध्ये केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात प्रवेश मिळाला तो साध्या विद्यार्थ्याचा नव्हता. श्रीमंत विद्यार्थ्यांची आणि अध्यापकांची नोकरासारखी कामे करून शिकणाऱ्या गरीब मुलांच्या वर्गातला तो प्रवेश होता. 1687 मध्ये त्यांचा 'प्रिन्सिपिया' हा लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध झाला. गतीचे तीन नियम त्यात आहेत. दुसरा नियम आज पुस्तकात बल, वस्तुमान आणि त्वरण अशा सूत्रात दिसतो. ते रूप अठराव्या शतकात ऑयलर या स्विस गणितज्ञाने पक्के केले.

मुलीच्या वडिलांना आम्ही हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मामा होता म्हणून बरं झालं."

आम्हाला वाटते, प्रत्येक वस्तीत असा एखादा मामा हवा. तो फार शिकलेला असायला हवा असे नाही. "तुला झेपणार नाही" असे पोरीला म्हणण्याआधी "तुला कळलं नाही ते नेमकं काय?" एवढे विचारणारा हवा.

घरी करून पाहा

मुलांच्या खेळण्यातली चाकांची गाडी घ्या. दोन खुर्च्यांच्या पायांना रबर ताणून बांधा, गलोलीसारखे. गाडी रबराला टेकवून ठराविक खुणेपर्यंत मागे ओढा आणि सोडा. मग गाडीवर तिच्याच वजनाचा दगड बांधा, त्याच खुणेपर्यंत ओढा आणि सोडा. रबराचा जोर सारखा, पण गाडी संथ निघेल. मग दगड तसाच ठेवून दोन रबरे लावा. काय होते ते मुलांना आधी अंदाजाने सांगायला लावा आणि मगच सोडा. अंदाज चुकला तर रागावू नका. तो का चुकला, हे मुलालाच शोधू द्या.

पुढच्या चाचणीत त्या मुलीला वीसपैकी तेरा गुण मिळाले. 'दुसरा नियम उदाहरणासह स्पष्ट करा' या प्रश्नाला तिने पुस्तकातले उदाहरण लिहिले नाही. भरलेली हातगाडी लिहिली, आकृतीसह. गुण पूर्ण मिळाले. निव्वळ बलाच्या एका गणितात चूक झाली, तिथे घर्षण वजा करायचे राहून गेले होते. ती वही घेऊन अभ्यासिकेत आली तेव्हा वडीलही बरोबर होते. चुकलेले गणित कोणते, ते त्यांनी आमच्या आधी बोट ठेवून दाखवले.